आल्फ्रेड स्टीग्लिट्झ : चित्र आणि समास

आल्फ्रेड स्टीग्लिट्झ (१८६४–१९४६) याच्या चरित्रात ‘कॅमेरा वर्क’ हे नियतकालिक व न्यूयॉर्कमधील ‘२९१’ हे कलादालन यांचा उल्लेख नेहमी येतो. त्याने आपल्या चित्रांभोवती सोडलेल्या समासांचा क्वचितच. वास्तविक छायाचित्राला कलेचा दर्जा मिळावा म्हणून तो जन्मभर झगडला, त्यातला बराच झगडा पुठ्ठा आणि चौकट यांच्या भाषेतच झाला.

न्यू जर्सीतील होबोकन येथे जन्मलेला स्टीग्लिट्झ बर्लिनला यंत्रविद्या शिकण्यास गेला आणि फोगेल यांच्या हाताखाली प्रकाशरसायनात रमला. १८९० मध्ये तो परतला. निगेटिव्हचे ठरीव माप त्याने पवित्र मानले नाही. १८९३ मधील हिमवादळातल्या फिफ्थ ॲव्हेन्यूच्या चित्रासाठी त्याने कडा निर्दयपणे छाटून उभा भाग तेवढा ठेवला. अशा बेमाप चित्राला तयार चौकट बसत नाही. माउंटची खिडकी त्याच्यापुरती कापावी लागते.

१९२२ पासून लेक जॉर्ज येथे त्याने ढग टिपले. यातील बहुतेक मुद्रिते निगेटिव्हच्याच आकाराची, चार बाय पाच इंचांच्या आसपासची आहेत. ती भिंतभर वाढविणे अशक्य नव्हते. त्याने चित्र लहानच ठेवले आणि भोवती पांढरी जागा मोकळी सोडली. प्रेक्षकाला जवळ येणे भाग पडे. क्षितिज नसल्याने वर-खाली ठरविण्याचा अधिकारही माउंटकडे गेला : काही ढग निरनिराळ्या प्रतींत निरनिराळ्या दिशांनी बसविलेले आढळतात. मराठीत ‘समास’ म्हणजे पानाची कोरी कड, तशीच शब्दांची जोडणीही. हा दुहेरी अर्थ या मालिकांना ओढाताण न करता लागू पडतो.

बॉस्टनच्या ललितकला संग्रहालयात भारतीय कलेचा विभाग सांभाळणारे आनंद कुमारस्वामी यांच्या पुढाकाराने १९२४ मध्ये स्टीग्लिट्झची २७ छायाचित्रे तेथील संग्रहात दाखल झाली. राजपूत लघुचित्रांवर ग्रंथ लिहिणाऱ्या या विद्वानाला तळहाताएवढ्या चित्राची थोरवी पटवून द्यावी लागली नसणार.

१३ जुलै १९४६ रोजी स्टीग्लिट्झचे निधन झाले. पत्नी, चित्रकर्त्री जॉर्जिया ओकीफ यांनी त्याचा संग्रह लावण्यात सुमारे तीन वर्षे घालविली आणि १९४९ मध्ये मुख्य संच वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय कलादालनास दिला. १९८० मधील भर धरून त्यात १,६४२ छायाचित्रे आहेत. निवडीची कसोटी माउंट हीच होती : मृत्यूसमयी त्याच्याजवळ असलेल्या, माउंटवर चढविलेल्या प्रत्येक चित्राची एक तरी उत्तम प्रत.