टेलिफोनचे जनक अलेक्झांडर ग्रॅहम बेल

टेलिफोनचे जनक अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांचा जन्म ३ मार्च १८४७ रोजी स्कॉटलंडमधील एडिनबरा येथे झाला. आईला ऐकू येण्यात अडचण असल्याने ध्वनी हा त्यांच्या चिंतनाचा विषय बनला. पुढे बोस्टन येथे त्यांनी कर्णबधिरांना शिकविले. १४ फेब्रुवारी १८७६ रोजी त्यांनी पेटंटसाठी अर्ज केला. त्याच दिवशी एलिशा ग्रे यांनीही दावा नोंदविला. १८८८ मध्ये अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने बेल यांचे पेटंट वैध ठरविले. बोलण्या-ऐकण्यासाठी एकच मुख असलेल्या त्यांच्या प्रारंभीच्या यंत्रानंतर एडिसन यांच्या कार्बन ट्रान्समीटरने आवाज सुस्पष्ट केला. तो आवाज बेल यांच्या कर्णबधिर पत्नी मेबल यांना मात्र कधीच ऐकता आला नाही. २ ऑगस्ट १९२२ रोजी कॅनडात बेल यांचे निधन झाले. अंत्यसंस्कारावेळी उत्तर अमेरिकेतील टेलिफोनसेवा एक मिनिट स्तब्ध ठेवण्यात आली.