डॉक्टर इग्नाझ सेमेलव्हाइस

थोर वैद्य म्हटला की त्याने एखादे गुणकारी औषध शोधून काढले असले पाहिजे, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. ज्या पुरुषाचे चरित्र आम्ही यंदा वाचकांपुढे ठेवीत आहो, त्याने असे कोणतेही औषध शोधले नाही. विश्वविद्यालयाच्या प्रसूतिविभागात तो एक साहाय्यक होता, आणि त्याचे मुख्य साधन म्हणजे त्या विभागाची जन्ममृत्यूची नोंदवही. हल्ली मोठमोठ्या विद्यापीठांच्या वैद्यकीय विभागांत रोग्यांच्या नोंदी तपासून त्यांतून रोगांची कारणे हुडकणारे विद्वान नेमलेले असतात. त्यांस डेटा सायंटिस्ट म्हणतात. सेमेलव्हाइसच्या काळी हे नावही नव्हते व हा हुद्दाही नव्हता. परंतु काम त्याने तेच केले.

इग्नाझ फिलिप सेमेलव्हाइस याचा जन्म १ जुलै १८१८ रोजी हंगेरी देशात, डॅन्यूब नदीच्या काठी वसलेल्या बुडा शहरी झाला. बाप किराणा मालाचा सुखवस्तू व्यापारी होता. मुलाने कायदेपंडित व्हावे म्हणून १८३७ साली त्याला व्हिएन्ना येथे पाठविण्यात आले. पण एका वर्षातच त्याने कायदा सोडून वैद्यकाचा अभ्यास धरला, आणि १८४४ साली तो डॉक्टर झाला. पुढे १ जुलै १८४६ रोजी, म्हणजे नेमक्या अठ्ठाविसाव्या वाढदिवशी, व्हिएन्नाच्या सार्वजनिक रुग्णालयात प्रोफेसर क्लाइन यांच्या हाताखाली त्याची नेमणूक झाली.

या रुग्णालयात गोरगरीब स्त्रियांच्या प्रसूतीसाठी दोन कक्ष होते. १८४० सालापासून पहिल्या कक्षात वैद्यकाचे विद्यार्थी शिकत व दुसऱ्यात सुइणी शिकत. नव्याने आलेल्या स्त्रियांना आळीपाळीने, एक दिवस या कक्षात तर दुसऱ्या दिवशी त्या कक्षात, दाखल करून घेण्याचा नियम होता. अमकी स्त्री सशक्त म्हणून इकडे आणि तमकी दुबळी म्हणून तिकडे, असा भेद नव्हता. ज्या वारी ती दाराशी आली, त्या वारावर सर्व अवलंबून असे. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. शास्त्रीय तुलनेसाठी जसे दोन समान गट मुद्दाम पाडतात, तसे ते येथे कारभाराच्या सोयीसाठी आपोआप पडले होते.

असे असून पहिल्या कक्षाच्या नावाने शहरातील स्त्रियांचा थरकाप होई. त्या गुडघे टेकून, हात जोडून दुसऱ्या कक्षात जागा मागत. कारण पहिल्या कक्षात सूतिकाज्वराने, ज्याला आपल्याकडे बाळंतरोग म्हणत, एकामागून एक बाळंतिणी दगावत होत्या. कित्येक जणी तर रस्त्यातच बाळंत होऊन मग रुग्णालयात येत. आणि नवल असे की रस्त्यात बाळंत झालेल्या या स्त्रियांत रोगाचे प्रमाण कमी दिसे.

सेमेलव्हाइसने वह्या उघडल्या. १८४१ ते १८४६ या सहा वर्षांत पहिल्या कक्षात २०,०४२ प्रसूती होऊन १,९८९ माता मृत्यू पावल्या होत्या. दुसऱ्यात १७,७९१ प्रसूती होऊन ६९१. निव्वळ मृत्यूंची संख्या पाहून एखाद्यास वाटेल की पहिल्या कक्षात प्रसूतीच अधिक, म्हणून मृत्यूही अधिक. पण शेकडेवारी काढली की पहिल्या कक्षाचे प्रमाण जवळजवळ १० व दुसऱ्याचे ४ हूनही कमी, असे निघते. (शेकडेवारीचा धडा रुक्ष वाटणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांनी हे उदाहरण स्वतः सोडवून पाहावे.) हे आकडे काही गुप्त नव्हते, वरिष्ठांनाही ते ठाऊक होते. पण हवेत काही दोष आहे, ऋतुमान वाईट आहे, असे म्हणून जो तो स्वस्थ बसे.

हा तरुण मात्र स्वस्थ बसला नाही. हवा दूषित म्हणावी, तर एकाच छपराखालच्या दोन कक्षांना दोन हवा कशा? गर्दी म्हणावी, तर दुसऱ्या कक्षात गर्दी अधिक. अंतकाळीचा संस्कार देण्यास येणारा रोमन कॅथलिक धर्मगुरू पहिल्या कक्षातून घंटा वाजवीत जाई. ती ऐकून स्त्रिया भयाने खचत असतील, असाही एक तर्क होता. सेमेलव्हाइसने धर्मगुरूंस विनंती करून घंटा बंद करविली व त्यांना वेगळ्या वाटेने नेले. स्त्रियांस कोणत्या कुशीवर निजवावे यातही बदल करून पाहिला. मृत्यूचे मान तसेच राहिले. एकेक कारण असे वहीशी ताडून तो बाजूस सारीत गेला, व शेवटी त्याच्या हाती काहीच उरले नाही.

मार्च १८४७ मध्ये तो मन रमविण्यासाठी व्हेनिसला गेला होता. परत येतो तो त्याचा स्नेही प्रोफेसर कोलेच्का मरण पावल्याची वार्ता कानी आली. शवच्छेदन चालू असता एका विद्यार्थ्याची सुरी कोलेच्काच्या बोटास लागली होती. त्याच्या शवपरीक्षेची हकीकत वाचताना सेमेलव्हाइस चमकला; बाळंतिणींच्या देहांत जी लक्षणे तो रोज पाहत होता, तीच येथे होती. कोलेच्काला प्रेताचे कण सुरीने टोचले गेले. मग बाळंतिणींना ते कोण पोचवीत होते? पहिल्या कक्षाचे डॉक्टर व विद्यार्थी सकाळी शवच्छेदन करून तेच हात घेऊन प्रसूतिगृहात येत. सुइणी शवच्छेदन करीत नसत.

आम्हांस या चरित्रातील सर्वांत कठीण क्षण हाच वाटतो. शवच्छेदनाची आवड स्वतः सेमेलव्हाइसलाच अधिक होती. रोगाचे कारण शोधावे म्हणून तो रोज मृत मातांचे देह तपाशी, आणि त्याच हातांनी जिवंत मातांकडे जाई. आपल्यामुळे किती स्त्रिया अकाली मरण पावल्या हे एक देवच जाणे, अशी कबुली त्याने पुढे आपल्या ग्रंथात छापून दिली आहे. उत्तर आपल्याच अंगावर येते असे दिसल्यावर वही मिटून ठेवण्याचा मोह कोणालाही झाला असता.

मे १८४७ च्या मध्यास त्याने नियम घातला की प्रत्येकाने क्लोरीनच्या पाण्यात हात धुतल्यावाचून कोणत्याही स्त्रीस स्पर्श करू नये. ते पाणी महाग पडू लागले, तेव्हा क्लोरीनयुक्त चुना घेतला; आपल्याकडे विहिरींत टाकतात ती ब्लीचिंग पावडर ती हीच. एप्रिलमध्ये शेकडा १८ माता मेल्या होत्या. जूनमध्ये २६८ प्रसूतींत ६ व जुलैत २५० प्रसूतींत ३ मृत्यू झाले. ऑक्टोबरात मात्र घात झाला. गर्भाशयाच्या कर्करोगाने पीडित अशा एका स्त्रीस तपासून, केवळ साबणाने हात धुऊन, डॉक्टर पुढल्या खाटांकडे गेले, आणि त्या वेळच्या १२ बाळंतिणींपैकी ११ दगावल्या. तेव्हापासून प्रत्येक रुग्णामागे क्लोरीनने हात धुणे सक्तीचे झाले. १८४८ साली पहिल्या कक्षात ३,५५६ प्रसूतींत ४५ मृत्यू, म्हणजे शेकडा सव्वा. मार्च व ऑगस्ट या दोन महिन्यांत तर एकही नाही.

इतक्या पुराव्यावर जग मानेल असे कोणासही वाटेल. पण मानले नाही. डॉक्टरांचे हात मृत्यूला कारण होतात, हे वरिष्ठांस ऐकवेना. हेब्रा, स्कोडा यांसारखे नामांकित मित्र त्याच्या बाजूने उभे राहिले. परंतु प्रोफेसर क्लाइन विरुद्ध गेले, आणि मार्च १८४९ मध्ये मुदत संपताच त्याची जागा दुसऱ्यास मिळाली. येथे सेमेलव्हाइसचाही दोष सांगितला पाहिजे. त्याला लिहिण्याचा कंटाळा होता. पहिली वृत्ते हेब्राने प्रसिद्ध केली, आणि त्याने स्वतः वैद्यमंडळापुढे व्याख्यान दिले ते १८५० साली. त्याच वर्षी शिकविण्याची परवानगी मिळाली ती केवळ पुतळ्यावर शिकविण्याची. तो अपमान सहन न होऊन, मित्रांचा निरोपही न घेता, तो एकाएकी मायदेशी निघून गेला. ज्यांनी त्याच्यासाठी भांडण मांडले होते, त्यांस ते फार लागले.

पेस्ट शहरातील सेंट रोकस रुग्णालयात १८५१ ते १८५७ पर्यंत त्याने हाच नियम चालविला. तेथे ९३३ प्रसूतींत सूतिकाज्वराचे बळी अवघे ८. १८५५ साली तो पेस्ट विद्यापीठात प्रोफेसर झाला व १८५७ साली त्याचा विवाह झाला. त्याचा मोठा ग्रंथ १८६१ साल घालून निघाला. ग्रंथ तक्त्यांनी भरलेला आहे, पण विस्कळीत व वादाने जड झालेला. टीका होताच त्याने विरोधी प्रोफेसरांस उघड पत्रे लिहून खुनी ठरविले. संतापाचे कारण खरे होते. तथापि त्या शब्दांनी किती दारे बंद झाली असतील, असे मनात आल्यावाचून राहत नाही.

१८६५ च्या उन्हाळ्यात त्याच्या बुद्धीस भ्रम झाला. जुन्या मित्रानेच, हेब्राने, निमित्त सांगून त्याला व्हिएन्नाच्या वेड्यांच्या इस्पितळात पोचविले. तेथे दोन आठवड्यांतच, १३ ऑगस्ट १८६५ रोजी, जखम चिघळून रक्त दूषित झाल्याने त्याचा अंत झाला. वय ४७ वर्षे होते. त्याच्या आदल्याच दिवशी ग्लासगो येथे लिस्टर या शस्त्रवैद्याने एका मुलाच्या मोडलेल्या पायावर कार्बोलिक अॅसिडची पट्टी बांधली होती; जंतुनाशक शस्त्रक्रियेचा आरंभ तेथून धरतात. १८७९ साली पास्तरने सूतिकाज्वराचे जंतू दाखवून दिले.

बुडा, ओबुडा व पेस्ट मिळून १८७३ साली बुडापेस्ट हे एक शहर झाले. तेथील वैद्यकीय विद्यापीठास १९६९ साली सेमेलव्हाइसचे नाव देण्यात आले. बापाचे दुकान व राहते घर जेथे होते, त्या वास्तूत आज वैद्यकाच्या इतिहासाचे संग्रहालय आहे, आणि सेमेलव्हाइसच्या अस्थी त्याच घराच्या भिंतीत विसावल्या आहेत.