बल्बवाला नव्हे, बॅटरीवाला एडिसन

नवा फोन घेतला की पहिला प्रश्न, बॅटरी किती टिकते? सव्वाशे वर्षांपूर्वी याच प्रश्नापायी एका जगप्रसिद्ध माणसाने बाजारात आणलेला आपला माल परत घेतला आणि पुन्हा कामाला लागला.

थॉमस अल्वा एडिसन म्हटलं की डोळ्यांसमोर बल्ब येतो. शाळेच्या निबंधात बल्ब, स्पर्धा परीक्षेच्या गाइडमध्ये बल्ब. शिवाय व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारी ती आईच्या चिठ्ठीची गोष्ट आहेच. शाळेने पाठवलेली वाईट चिठ्ठी आईने चांगली करून वाचून दाखवली म्हणे. वाचताना डोळ्यांत पाणी येतं खरं, पण तशी चिठ्ठी कधी कुणाला सापडलेली नाही. खरी गोष्ट वेगळी आहे आणि ती फारशी फॉरवर्ड होत नाही. एडिसनने आयुष्यातली सुमारे दहा वर्षं एका बॅटरीमागे घालवली.

चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या पोरापोरींना ही गोष्ट जरा जास्त जवळची वाटावी. आपल्याकडे गावात टॉर्चलाच ‘बॅटरी’ म्हणतात. पहाटे अंधारात मोहफुलं वेचायला निघालेल्यांच्या हातात ती असते. आता तिच्या जोडीला फोन आलाय. भामरागड, एटापल्ली, सिरोंचाकडे नेटवर्क कधी असतं, कधी नसतं. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ता बंद, आणि अशा दिवसांत लाइटचाही भरवसा नाही. तेव्हा स्कॉलरशिपचा फॉर्म, बँकेचा ओटीपी, परीक्षेचं हॉल तिकीट, सगळं त्या एका बॅटरीवर. ती किती टिकते हा प्रश्न इथे चैनीचा नाही.

आगगाडीतला पोरगा

एडिसनचा जन्म ११ फेब्रुवारी १८४७ चा. गाव मिलान, अमेरिकेतल्या ओहायो राज्यातलं. शाळेत तो फार थोडे दिवस गेला. आई नॅन्सी आधी शिक्षिका होती, तिनेच घरी शिकवलं. लहानपणापासून ऐकू कमी यायचं, पुढे तर जवळजवळ येईनासंच झालं. बाराव्या वर्षी तो पोर्ट ह्युरॉन ते डेट्रॉइट या गाडीत पेपर आणि गोळ्या-चॉकलेटं विकू लागला. सामानाच्या डब्यात त्याने छोटी प्रयोगशाळा थाटली, तिथेच एक छोटं छापखान्याचं यंत्र ठेवून स्वतःचं वर्तमानपत्रही काढलं. एकदा फॉस्फरसने पेट घेतला आणि प्रयोगशाळेचा मुक्काम हलला.

१८६२ मध्ये एका स्टेशनमास्तरच्या लहान मुलाला त्याने रुळावरून वेळीच उचललं. त्या उपकाराची फेड म्हणून स्टेशनमास्तरने त्याला तारायंत्र शिकवलं. तारऑपरेटर म्हणून तो गावोगाव फिरला. तेव्हाची तारायंत्रं बॅटरीवर चालायची. ऑफिसात काचेच्या बरण्यांच्या रांगा, बरण्यांत धातूच्या पट्ट्या आणि रसायनं. लुइव्हिलच्या ऑफिसात रात्रपाळीला प्रयोग करताना त्याच्या हातून आम्ल सांडलं, फळ्यांच्या फटींतून खाली साहेबाच्या खोलीत ठिबकलं आणि नोकरी गेली, असं सांगतात. म्हणजे बॅटरीशी त्याची ओळख अगदी जुनी, आणि ती काही फार प्रेमाची नव्हती.

त्याचं पहिलं पेटंट १८६९ चं. विधिमंडळात मतं झटपट मोजणारं यंत्र. यंत्र उत्तम चालायचं, पण ते कुणालाच नको होतं. लोकांना लागेल तेच बनवायचं, हा धडा त्याने तिथे घेतला. पुढचं तुम्हाला माहीत आहे. १८७७ चा फोनोग्राफ, १८७९ चा बल्ब, १८८२ मध्ये न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीटवरचं वीजकेंद्र. पस्तिशीत तो जगभर गाजलेला माणूस होता.

ज्या वस्तूला नावं ठेवली, तिच्याच मागे

गंमत म्हणजे त्या काळात पुन्हा चार्ज होणाऱ्या बॅटरीला एडिसन चक्क फसवाफसवी म्हणायचा. शेअर विकणाऱ्या कंपन्यांनी उठवलेली ती हूल आहे, असं त्याचं मत. तेव्हाची बॅटरी म्हणजे शिशाच्या जड पट्ट्या आणि गंधकाम्ल. वजन प्रचंड, पट्ट्या झिजायच्या, नीट निगा राखली नाही तर लवकर निकामी व्हायच्या.

मग १८९० चं दशक आलं. एडिसनने न्यू जर्सीच्या डोंगरात लोहखनिजाचा मोठा उद्योग काढला. हलक्या प्रतीचा दगड फोडून चुंबकाने लोखंड वेगळं करायचं, अशी कल्पना. सुरजागडच्या लोखंडाबद्दल ऐकत वाढलेल्यांना यातली मेख लगेच कळेल. खनिजाची प्रत चांगली असेल तर खाण परवडते, नाही तर नुसता दगड फोडण्यात पैसा जातो. मिनेसोटाकडून भारी आणि स्वस्त खनिज बाजारात आलं आणि एडिसनचा उद्योग बुडाला. पैसाही गेला.

वय झालं होतं बावन्न. अशा वेळी, १८९९ मध्ये, त्याने बॅटरी हातात घेतली. कारण रस्त्यावर दिसत होतं. अमेरिकेत नव्याने निघालेल्या मोटारींत विजेवर चालणाऱ्या बऱ्याच होत्या. आवाज नाही, धूर नाही. अडत होतं ते बॅटरीपाशी. एडिसनने ठरवलं, शिसं नको आणि आम्लही नको. हजारो प्रयोगांनंतर तो लोखंड आणि निकेल या जोडीवर आला. सोबत आम्लाऐवजी क्षाराचं पाणी, म्हणजे पोटॅशियम हायड्रॉक्साइड. स्वीडनमध्ये वाल्डेमार युंगनर हा संशोधकही त्याच सुमारास याच वाटेवर होता. दोघांत पेटंटवरून वादही झाला. त्यामुळे ही एकट्या एडिसनची कमाई म्हणणं बरोबर नाही.

विकलेला माल परत

१९०१ मध्ये कंपनी काढली. वर्तमानपत्रांतून मोठमोठे दावे झाले. ही बॅटरी हलकी, कधी न झिजणारी, वगैरे. १९०३ मध्ये माल बाजारात आला. सुरुवातीचे आकडे झकास होते. काही महिन्यांतच तक्रारी यायला लागल्या. डब्यांचे सांधे झाळलेले होते, ते गळू लागले. त्याहून वाईट म्हणजे बॅटरीची ताकद हळूहळू घटत होती. पहिल्या दिवशी जेवढी चालायची तेवढी ती पुढे चालत नव्हती.

फोनच्या भाषेत सांगायचं तर बॅटरी हेल्थ खाली येत होती.

एडिसनपुढे दोन रस्ते होते. नाव एवढं मोठं की माल खपत राहिला असता. जुन्या शिशाच्या बॅटरीपेक्षा ही अजूनही बरी, असंही म्हणता आलं असतं. त्याने १९०४ मध्ये उत्पादन थांबवलं, खराब बॅटऱ्या परत घेतल्या आणि पुन्हा प्रयोगशाळेत गेला. कारखाना तयार, मागणी आहे, आणि आपण विकायचंच नाही, हे सोपं नव्हतं. पुढची पाच वर्षं खर्चच खर्च होता, आणि त्यात स्वतःचाही पैसा गेला.

दोष कुठे होता? निकेलच्या भागात वीज खेळती राहावी म्हणून ग्राफाइट मिसळलेलं होतं. चार्ज-डिस्चार्ज होता होता ते फुगायचं आणि कणाकणांतला संपर्क तुटायचा. एडिसनच्या माणसांनी ग्राफाइट काढून टाकलं. त्याऐवजी निकेलचे अतिशय पातळ पापुद्रे तयार केले. तांबं आणि निकेल यांचे आलटून पालटून थर चढवायचे आणि मग तांबं विरघळवून टाकायचं, की मागे निकेलचे पापुद्रे उरतात. ते बारीक नळ्यांत शेकडो थरांनी ठासून भरले. डब्यांचे सांधे झाळण्याऐवजी वेल्डिंगने जोडले. बॅटऱ्या गाड्यांत घालून खडबडीत रस्त्यांवर पळवल्या, आपटून पाहिल्या, पुन्हा पुन्हा चार्ज करून रिकाम्या केल्या.

आणि एक गोष्ट त्यांनी त्या क्षाराच्या पाण्यात टाकली, थोडं लिथियम. त्याचं पेटंट १९०८ चं आहे. लिथियम घातल्यावर बॅटरीची क्षमता वाढली आणि ती जास्त टिकू लागली. तुमच्या खिशातल्या फोनमध्ये आज आहे ते हेच मूलद्रव्य, पण काम वेगळं. फोनमध्ये लिथियमचे आयनच इकडून तिकडे ये-जा करतात आणि त्यातून वीज मिळते. एडिसनच्या डब्यात ते नुसतं मदतनीस होतं.

शर्यत हरली, पण बॅटरी टिकली

सुधारलेली बॅटरी १९०९ मध्ये आली. ती खरोखरच दणकट होती. जास्त चार्ज झाली तरी चालायचं, पूर्ण उतरवून ठेवली तरी चालायचं, वर्षानुवर्षं काम द्यायची. पण तोवर उशीर झाला होता. १९०८ मध्येच फोर्डची पेट्रोलवरची मॉडेल टी गाडी आली होती आणि ती स्वस्त होत गेली. १९१२ पासून मोटारींना बटणाचा स्टार्टर आला. त्याला एका झटक्यात भरपूर करंट लागायचा, तो शिशाची बॅटरी देऊ शकायची. एडिसनची बॅटरी महाग होती, थंडीत मंदावायची आणि एकदम मोठा करंट द्यायला कचरायची. ज्या मोटारीसाठी दहा वर्षं घालवली, ती मोटार हातची गेली.

तिच्यात धोकाही होता. चार्ज होताना ती हायड्रोजन वायू सोडायची. जानेवारी १९१६ मध्ये ब्रुकलिनच्या गोदीत ई-२ या पाणबुडीत याच बॅटऱ्या बसवलेल्या असताना स्फोट झाला आणि माणसं मेली. टिकाऊ आहे म्हणजे सगळीकडे सुरक्षित आहे असं नाही, हे फार महागात कळलं.

मग ही बॅटरी गेली कुठे? जिथे वेगापेक्षा भरवसा हवा होता तिथे. रेल्वेच्या डब्यांतल्या दिव्यांत, सिग्नलला, माल वाहणाऱ्या गाड्यांत. आणि कोळशाच्या खाणीत. खाणकामगाराच्या कमरेला छोटी बॅटरी, तिथून वायर आणि टोपीवर दिवा, अशी एडिसनची रचना १९१५ च्या सुमारास अमेरिकेत मंजूर झाली. त्याआधी टोपीवर उघडी ज्योत असायची आणि खाणीतल्या वायूने ती भडकली की संपलंच. चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याला १८७० च्या दशकापासून कोळसा निघू लागला, पुढे बल्लारपूर, घुग्घुस, राजुरा असा खाणींचा पट्टा तयार झाला. आपल्या भूमिगत खाणींत आजही पाळीवर उतरण्याआधी लॅम्प रूममधून कॅप लॅम्प घ्यायचा आणि वर आल्यावर चार्जिंगला परत द्यायचा, अशी पद्धत आहे. ज्यांच्या घरातलं कुणी खाणीत जातं त्यांना हे सांगायला नको. तो दिवा पाळी संपेपर्यंत टिकायलाच लागतो.

१८ ऑक्टोबर १९३१ रोजी, ८४ व्या वर्षी एडिसन वेस्ट ऑरेंजच्या घरी वारला. मोटारीने नाकारलेली ती बॅटरी त्याच्या उत्तरायुष्यातल्या सगळ्यात फायद्याच्या धंद्यांपैकी एक ठरली होती. तिचं उत्पादन पुढेही कित्येक दशकं सुरू राहिलं.

आपल्या फोनसाठी यातून काय घ्यायचं?

पहिलं म्हणजे, नव्या बॅटरीबद्दल पहिल्या आठवड्यात मत बनवू नका. नवा फोन सुरुवातीला जुना डेटा उतरवतो, अ‍ॅप अपडेट करतो, फोटो लावून घेतो. त्यात चार्जिंग भराभर जातं. उलट, पहिल्या महिन्यात भारी चालली म्हणून दोन वर्षं तशीच चालेल असंही नाही. १९०३ च्या गिऱ्हाइकांची नेमकी तीच फसगत झाली.

दुसरं, एडिसनने बॅटरी खडबडीत रस्त्यावर तपासली. आपला खडबडीत रस्ता म्हणजे ऊन आणि नेटवर्क. चंद्रपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो. लिथियमची बॅटरी उष्णतेत लवकर म्हातारी होते, आणि ती १०० टक्के भरलेली असेल तर आणखीच. बाइकच्या होल्डरवर भर उन्हात मॅप लावून ठेवू नका. फोन तापलेला असेल तर थोडा थंड होऊ द्या, मग चार्जिंगला लावा. सेटिंगमध्ये ८० टक्क्यांवर चार्जिंग थांबवायची सोय असेल तर रोजच्यासाठी ती सुरू ठेवा. आणि जंगलातल्या रस्त्यावर रेंज नसते तेव्हा फोन टॉवर शोधत राहतो, सिग्नल कमी असला की जास्त ताकद लावतो. त्या पट्ट्यात एअरप्लेन मोड टाका. गावात ५जी येत-जात असेल तर ४जी वर ठेवा. फरक दिसेल.

तिसरं, एडिसनची बॅटरी पूर्ण उतरलेली चालायची, आपली चालत नाही. दर वेळी शून्यावर नेऊन मग भरायची सवय सोडा. २० टक्क्यांच्या आसपास लावलेलं बरं. फोन बरेच दिवस वापरायचा नसेल तर निम्मा चार्ज करून ठेवा.

आणि फोन घेताना बॉक्सवरच्या मोठ्या एमएएचच्या आकड्यासोबत आणखी एक प्रश्न विचारा, किती वेळा चार्ज केल्यावर बॅटरीत ८० टक्के ताकद उरते? युरोपात जून २०२५ पासून हा नियमच झालाय. किमान ८०० वेळा चार्ज केल्यावरही तेवढी ताकद राहायला हवी. आपल्याकडच्या दुकानदाराला कदाचित उत्तर माहीत नसेल. तरी विचारा. दहा जणांनी विचारलं की अकराव्यासाठी तो माहिती काढून ठेवेल.