गोखल्यांची माफी

खरे बोलावे, हे आपण बालपणापासून ऐकत आलो. पण ते का बोलावे, हा प्रश्न मला पडला तो तत्त्वज्ञानाच्या वर्गात कांट शिकताना. कांटच्या मते सत्य बोलणे हे कर्तव्य आहे. त्याने आपला फायदा होतो की तोटा, हे पाहायचे नाही. १७९७ सालच्या एका निबंधात तर त्याने म्हटले, की दाराशी आलेल्या खुन्याशीही खोटे बोलण्याचा आपल्याला अधिकार नाही. हे कोणाला जमेल, असे मला वाटले. मग नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांचे चरित्र वाचनात आले.

गोखल्यांचा जन्म ९ मे १८६६ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील कोतळूक येथे झाला. वडील लवकर वारले. थोरल्या भावाने १५ रुपयांच्या पगारातून ८ रुपये पाठवून त्यांना शिकविले. ते १८८४ साली बी. ए. झाले आणि पुढे पुण्यात फर्ग्युसन कॉलेजात प्राध्यापक झाले. त्यांच्या शाळेतल्या गणिताची आणि बक्षिसाची गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. पण मुलाच्या खरेपणाचे कौतुक होते. मोठ्या माणसाला त्याची किंमत मोजावी लागते. गोखल्यांना ती १८९७ साली मोजावी लागली.

त्या वर्षी ते वेल्बी कमिशनपुढे साक्ष देण्यासाठी विलायतेस गेले होते. इकडे पुण्यात प्लेगच्या बंदोबस्तासाठी गोरे सोल्जर घरात शिरत होते. मित्रांच्या पत्रांतून स्त्रियांवरील अत्याचाराच्या बातम्या गोखल्यांना कळल्या. त्यांनी त्या तेथील वृत्तपत्राला सांगितल्या. सरकारने पुरावा मागितला. परत आल्यावर गोखल्यांनी पुरावा शोधला, पण उघडपणे पुढे यायला कोणी तयार होईना. पत्रे लिहिणारांची नावे सांगितली असती तर गोखले सुटले असते. त्यांनी नावे सांगितली नाहीत. ऑगस्टमध्ये त्यांनी गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट व सैनिक यांची जाहीर माफी मागितली.

लोक संतापले. त्याच वर्षी टिळकांना राजद्रोहाबद्दल १८ महिन्यांची शिक्षा झाली. एक तुरुंगात गेला आणि दुसऱ्याने माफी मागितली, अशी तुलना होऊ लागली. डिसेंबरात आपल्या वऱ्हाडात, अमरावतीला काँग्रेसचे अधिवेशन भरले, तेव्हाही ही नाराजी ताजी होती.

गोखले भित्रे होते काय? मला तसे वाटत नाही. ते खोटे बोलले नव्हते. जे खरे मानले तेच त्यांनी सांगितले होते. पण ऐकलेली गोष्ट त्यांनी ठामपणे सांगितली आणि सिद्ध करण्याची वेळ आली तेव्हा हाती काही नव्हते. जे सिद्ध करता येत नाही ते मागे घेणे, हाही सत्याचाच भाग आहे. येथे कांटचा एक बारकावा लक्षात येतो. खोटे न बोलणे हे कर्तव्य आहे. माहीत असलेले सगळेच सांगणे हे कर्तव्य नव्हे. म्हणून गोखले नावांबाबत गप्प राहिले, आणि तरीही खोटे बोलले नाहीत.

एक शंका मात्र माझ्या मनातून जात नाही. ज्या स्त्रियांवर खरोखरच अन्याय झाला असेल, त्यांचे काय? भीतीमुळे साक्षीदार गप्प बसले, आणि माफीने सरकारची बाजू वरचढ झाली. एकाने आपले कर्तव्य चोख बजावले तरी दुसऱ्याला न्याय मिळतोच असे नाही. कांटच्या विचारात याचे समाधानकारक उत्तर मला सापडले नाही.

माफीनंतर गोखले घरी बसले नाहीत. ते प्लेगग्रस्तांच्या सेवेत उतरले. पुढे कायदेमंडळात आकडे तपासून बोलणारा वक्ता म्हणून सरकारलाही त्यांचा धाक वाटू लागला. १९०५ साली त्यांनी भारत सेवक समाज स्थापन केला. त्याच समाजाने १९११ साली आपल्या नागपुरात ‘हितवाद’ सुरू केला. त्याच वर्षी त्यांनी सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले. ते नामंजूर झाले. पण ज्यांच्या घरात कॉलेजचे तोंड प्रथमच कोणी पाहत आहे, अशा आम्हा विद्यार्थ्यांना त्याचे मोल कळते. १९ फेब्रुवारी १९१५ रोजी, अवघ्या ४८ व्या वर्षी ते वारले.

परीक्षेत कांटवर प्रश्न आला तर उत्तर लिहिणे सोपे आहे. आपल्याच माणसांचा रोष पत्करून आपले शब्द मागे घेणे किती अवघड असते, ते मात्र गोखल्यांच्या चरित्रातूनच कळते.