एका मातेचा रियाज

बिदर आणि कलबुर्गी, म्हणजे आपल्या जुन्या बोलण्यातले गुलबर्गा, या भागात गाण्याच्या शिकवणीच्या निमित्ताने माझे जाणे-येणे असते. भालकीकडच्या एका भजनी मंडळात पेटी वाजवणारे पन्नाशीचे गृहस्थ आहेत. चालताना ते दर पावलाला हात गुडघ्यावर दाबून धरतात. पोलिओने मांडीतले बळ गेले की गुडघा दुमडतो, त्याला हाताचा टेकू द्यावा लागतो. पायपेटीचा भाता झेपेना, म्हणून ते हातपेटी शिकले. लहानपणी त्यांची आई रोज पहाटे त्यांचा पाय हलवून, वाकवून, भिंतीशी उभे करून व्यायाम घेई. हे त्यांच्या तोंडून ऐकले की मला मुंबईच्या फातिमाबाई इस्माईल आठवतात.

फातिमाबाईंचा जन्म 1903 चा, सोबानी घराण्यातला. बंधू उमर सोबानी गिरणीमालक. 31 जुलै 1921 रोजी परळला गांधीजींनी विलायती कापडाची होळी पेटवली, ती यांच्याच गिरणीच्या आवारात. अशा घरातली मुलगी मागे कशी राहणार? बाईंनी स्त्रियांच्या उन्नतीचे काम अंगावर घेतले आणि 1942 च्या चळवळीत भूमिगतांना आसरा दिला. सरकारला न भ्यालेल्या या बाईंची खरी कसोटी मात्र घरातच लागली. त्यांच्या चिमुकल्या मुलीला पोलिओ झाला.

लस तेव्हा निघालेली नव्हती; ती आली 1955 साली. पोलिओचा विषाणू मज्जारज्जूतल्या, स्नायूंना हलवणाऱ्या पेशी मारतो. स्पर्श कळतो, दुखणे कळते, पण पाय उचलत नाही. मेलेल्या पेशी परत येत नाहीत. मात्र उरलेल्यांकडून अधिक काम करून घेणे आणि सांधे आखडू न देणे एवढे माणसाच्या हाती असते. त्याला औषध नाही. रोजचा, न कंटाळता केलेला व्यायामच हवा. गवयाने पलटे घोटावेत तसा. हे शिकवणारे आपल्याकडे त्या वेळी फार थोडे होते, आणि प्रारब्ध म्हणून मुलाला माजघरात ठेवणारी घरे पुष्कळ.

बाई मुलीला घेऊन मद्रासला डॉ. किणी यांच्याकडे गेल्या. मुंबई-मद्रास लोहमार्ग आपल्या गुलबर्ग्यावरूनच जातो. त्या मार्गालगतच्या खेड्यांतही अशी मुले होती, पण त्यांच्या आयांना ना त्या डॉक्टरांचे नाव ठाऊक, ना तिकिटाला पैसे.

मुलीच्या पायात बळ येऊ लागले. दुसरी एखादी आई देवाला नारळ वाढवून थांबली असती. बाई थांबल्या नाहीत. 1947 साली त्यांनी अपंग मुलांच्या पुनर्वसनासाठी संस्था काढली आणि शल्यचिकित्सक डॉ. बाळिगा यांच्या दवाखान्याच्या जागेत पोलिओग्रस्त मुलांसाठी उपचार सुरू केले. पुढे हाजीअलीला या संस्थेचे मुलांचे अस्थिरुग्णालय उभे राहिले. 1958 साली बाईंना पद्मश्री मिळाली, 1978 साली राज्यसभेवर त्यांची नियुक्ती झाली. 1987 साली त्या निवर्तल्या.

आपल्या देशात पोलिओचा अखेरचा रुग्ण जानेवारी 2011 मध्ये हावड्याला आढळला, आणि मार्च 2014 मध्ये हा भाग पोलिओमुक्त ठरला. डोस पाजण्याचे दिवस आपल्या आठवणीत आहेत. पण ज्यांना तो आधीच गाठून गेला, ती मुले आता प्रौढ झाली आहेत. वर्षानुवर्षे दुप्पट राबलेल्या पेशी उतारवयात थकतात आणि कष्टाने कमावलेले बळ पुन्हा ओसरू लागते. भोवतालच्यांना तो आळस वाटतो.

भालकीच्या पेटीवाल्यांचेही तसेच झाले. दोन तास बसले की पाठ भरून येई, म्हणून ते मंडळ सोडायला निघाले. खरे सांगायचे तर, त्यांचा रियाज कमी पडतो असे मीही समजत होतो. मंडळातल्या म्हाताऱ्यांना माझ्याआधी उमगले. त्यांनी पेटीची जागा देवळाच्या भिंतीशी नेली, पाठीला तक्क्या दिला आणि आपण सारे तिकडे तोंड करून बसले.