नामीचं रिकामं घर आणि रमाबाई

आजचं वाचन: रूथ, अध्याय 1

नामीच्या गोष्टीत आपल्याला शेवट माहीत असतो. बवाज येणार, रूथचं लग्न होणार, नामीच्या मांडीवर बाळ खेळणार. पण पहिल्या अध्यायातल्या नामीला यातलं काहीच ठाऊक नाही. दुष्काळामुळे गाव सुटलं, परक्या देशात नवरा गेला, मग दोन्ही मुलगे गेले. बेथलेहेमात परतल्यावर ती बायकांना सरळ सांगते की देवाने मला रिकामं करून परत आणलं. आणि हे बोलल्याबद्दल पवित्र शास्त्र तिला कुठेही रागावत नाही.

गेल्या वर्षी आई गेली. तेव्हापासून मला या अध्यायाच्या पुढे जाता येत नव्हतं. भेटायला येणारे म्हणायचे, यात देवाची काहीतरी योजना असेल. मी मान हलवायचो आणि आतून चिडायचो. त्याच दिवसांत पंडिता रमाबाईंचं चरित्र पुन्हा वाचलं. शाळेत त्या परीक्षेपुरत्या भेटल्या होत्या. या वेळी आधी दिसली ती त्यांनी गमावलेल्या माणसांची रांग.

रमाबाईंचा जन्म 1858 चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे. त्यांनी लोकांचा विरोध पत्करून बायकोला संस्कृत शिकवलं आणि आईने रमाला. घर असं नव्हतंच. तीर्थाहून तीर्थाला पायी जायचं, पुराण सांगायचं, मिळेल त्यावर राहायचं. मग दक्षिणेत दुष्काळ पडला. काही महिन्यांच्या आत वडील, आई आणि मोठी बहीण, तिघंही गेली. उरले भाऊ श्रीनिवास आणि रमा. दोघं उपाशीतापाशी चालत राहिली आणि 1878 मध्ये कलकत्त्याला पोचली. तिथल्या विद्वानांनी तिला पंडिता आणि सरस्वती म्हणून गौरवलं. आता बरे दिवस येतील असं वाटत असतानाच 1880 मध्ये भाऊही गेला.

त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी त्यांनी लग्न केलं. मनोरमा झाली. संसाराला दोन वर्षंही झाली नव्हती, तोच फेब्रुवारी 1882 मध्ये नवरा पटकीने गेला. रमाबाई तेव्हा फक्त 23 वर्षांच्या होत्या आणि कडेवर तान्ही मुलगी होती.

यातून त्यांची श्रद्धा लगेच घट्ट झाली, असं झालं नाही. लहानपणी ज्यावर विसंबल्या होत्या ते सगळं हललं होतं. 1883 मध्ये इंग्लंडला असताना त्यांनी बाप्तिस्मा घेतला, तरी मनाला खरा विसावा मिळायला पुढे कितीतरी वर्षं लागली. आपल्याला सगळं एका प्रार्थनेत बदलून हवं असतं. त्यांचं तसं झालं नाही, आणि हे कळल्यावर मला जरा हायसं वाटलं.

1889 मध्ये मुंबईत त्यांनी विधवांसाठी शारदा सदन सुरू केलं आणि पुढच्या वर्षी ते पुण्याला नेलं. 1893 मध्ये धर्मांतरावरून गदारोळ झाला आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. मग पुन्हा दुष्काळ आला, 1896-97 चा. ज्या दुष्काळाने त्यांचं घर खाल्लं होतं, त्याच्याच तोंडातून मुली सोडवायला त्या मध्य प्रांतात गेल्या. पुण्यात प्लेगची साथ असल्याने त्या मुलींना केडगावच्या शेतावर न्यावं लागलं. तिथेच मुक्ती सदन उभं राहिलं.

आणि मग शेवटची वर्षं. कानांनी नीट ऐकू येत नव्हतं. साध्या बायकांना समजेल अशा मराठीत बायबल आणायचं म्हणून त्या उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकल्या होत्या. छापखाना मुक्तीचाच होता आणि खिळेही तिथल्या बायकाच जुळवायच्या. आपल्यामागे हे सगळं मनोरमा बघेल असा भरवसा होता. 24 जुलै 1921 ला मनोरमा गेली. ज्या मुलीला कडेवर घेऊन त्या वैधव्यात उभ्या राहिल्या होत्या, तीच.

त्या रात्री रमाबाई देवाशी काय बोलल्या असतील, मला माहीत नाही. पण भाषांतराचं काम थांबलं नाही, हे माहीत आहे. ते संपवून 5 एप्रिल 1922 ला त्या गेल्या.

नामीला उत्तर मिळालं नव्हतं. तरी ती बेथलेहेमच्या वाटेला लागली, आणि पोचली तेव्हा जवाची कापणी सुरू होत होती. रमाबाईंनाही आपली माणसं का गेली हे कुणी सांगितलं नाही. समोर भुकेली मुलगी आली की तिला जेवू घालायचं, समोर अपुरं पान असलं की ते पुरं करायचं, एवढं त्या करत राहिल्या. देवावर भरवसा म्हणजे कधी कधी एवढंच असावं. कारण तोच देतो, उद्याची भाकरीही आणि उद्याचं कामही.

आईचं कपाट मी अजून उघडलेलं नाही. तिच्या साड्या कुणाच्या तरी अंगावर ऊब देतील, हे कळतं, पण हात पुढे होत नाही. या शनिवारी उघडेन म्हणतो. तुमच्याकडेही असं एखादं अडलेलं काम असेल, तर आज त्याला नुसता हात लावून बघा.

प्रार्थना: प्रभू, का ते आम्हाला कळत नाही. आमचं कडू बोलणंही तू ऐकून घेतोस, म्हणून आभार. आजच्या कामापुरतं बळ दे. आमेन.