डॉरथी ब्रूक आणि कायरोचे म्हातारे घोडे

ज्या जनावराच्या कष्टावर घरची चूल पेटते, त्याची निगा राखण्यास गरिबानें पैसा कोठून आणावा, हा प्रश्न आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांस पडत असेल. ह्या प्रश्नाचें उत्तर ज्यांनीं आपल्या करणीनें दिलें, त्या डॉरथी ब्रूक ह्या इंग्रज बाईंचें चरित्र आम्ही येथें थोडक्यांत सांगतों.

बाईंचा जन्म १८८३ सालीं झाला. त्यांचे पति जॉफ्री ब्रूक हे घोडदळाचे अधिकारी होते. त्यांजबरोबर त्या १९३० सालीं मिसर देशांत कायरो शहरीं आल्या. पहिलें महायुद्ध १९१८ सालीं संपल्यावर ब्रिटिश सैन्याचे हजारों घोडे मायदेशीं न नेतां तेथेंच विकून टाकले होते. बारा वर्षें लोटलीं, तरी त्यांतील पुष्कळ अद्याप जिवंत होते. एके काळीं स्वार वाहणारे व तोफा ओढणारे ते घोडे आतां गाड्यांस जुंपलेले व दगडाच्या खाणींत राबत असलेले बाईंस आढळले. त्यांचें वय झालें होतें, बरगड्या उघड्या पडल्या होत्या, पाय लंगडत होते आणि साजाखालीं जखमा चिघळल्या होत्या.

बाईंस अत्यंत दुःख झालें. परंतु त्यांनीं धन्यांस दोष दिला नाहीं. बहुतेक धनी स्वतःच अर्धपोटीं होते. घोडा गेला तर मुलांचें अन्न जाईल, अशी त्यांची स्थिति होती. म्हणून बाईंनीं ते घोडे किंमत देऊन विकत घेण्याचें ठरविलें. १९३१ सालीं त्यांनीं ‘मॉर्निंग पोस्ट’ ह्या इंग्रजी वर्तमानपत्रांत पत्र लिहून मदत मागितली, आणि लोकांनीं ती मनापासून दिली. तीन वर्षांत सुमारें ५,००० घोडे विकत घेण्यांत आले. त्यांपैकीं बहुतेक इतके झिजले होते कीं, त्यांस थोडा विसांवा व पोटभर चंदी देऊन, मग वेदनेवांचून मरण देणें एवढीच दया उरली होती.

लढाईचे घोडे संपत आले, तरी रस्त्यांवरचीं दुःखें संपलीं नाहींत. दुसरे घोडे व गाढवें तेंच ओझें वाहत होतीं. तेव्हां १९३४ सालीं बाईंनीं कायरोंत ‘ओल्ड वॉर हॉर्स मेमोरियल हॉस्पिटल’ स्थापिलें. शहरांत राबणाऱ्या घोड्यांस व गाढवांस तेथें फुकट औषधोपचार मिळूं लागला. त्यामुळें जनावर बरें होई आणि धन्याची रोजीहि राही. बाई १९५५ सालीं वारल्या. तथापि त्यांच्या नांवाची संस्था आज हिंदुस्थानासह अनेक देशांत वीटभट्ट्यांवरील व गाड्यांच्या जनावरांसाठीं काम करीत आहे.

ह्या चरित्रावरून आम्हांस असें दिसतें कीं, जनावराची दया व गरिबाची दया ह्या एकमेकींच्या शत्रु नव्हत. पुष्कळ गोष्टींस पैसाहि लागत नाहीं. ओझें बेतानें लादावें, दुपारीं पाणी पाजून सावलींत बांधावें, सायंकाळीं खोगीर काढून पाठीवरून हात फिरवावा व खुरांतील खडा काढावा. जखम लहान आहे तोंच कळली, तर जनावर अधिक वर्षें काम देतें, आणि घरची भाकरहि टिकते.